जबडा माझा, तारीख दुसऱ्यांची

नागपूरच्या डॉक्टरांना अब्बूंनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. जबडा किती पुढे आहे, ऑपरेशन कसं करतात, धोका काय, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात निकाह धरला तर चालेल ना?" तेव्हा डिसेंबर चालू होता. मॅडमनी माझा एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, "कोणत्या सालचा मे?"

त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो नाही. पुढच्या दोन वर्षांत मात्र मला कळलं, की असा प्रश्न विचारणारे अब्बू एकटे नाहीत. दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या बहुतेक मुलींच्या फाइलसोबत लग्नाची एक तारीख आलेली असायची. म्हणून हे लिहिते आहे. जबडा सरळ करण्याचं ऑपरेशन करावं की करू नये, हे ज्याने त्याने ठरवावं. पण ते लग्नाच्या तारखेवर ठरवू नये, आणि ज्याचा जबडा आहे त्याला पुढे काय काय होणार हे आधी पूर्ण सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी ऊर्जानगरची. महाऔष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत वाढले, अब्बू केंद्रातच नोकरीला होते. दहावीनंतर माझा खालचा जबडा पुढे आणि किंचित डावीकडे वाढत गेला. तोंड मिटलं तरी समोरचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नसत. पेरू कापूनच खावा लागे. पोळीचा घास दाढेकडे सरकवावा लागे. ईदच्या शेवया समोरच्या दातांनी तुटत नसत, त्या ओढून गिळाव्या लागत. 'स' म्हणताना हवा निसटे, म्हणून वर्गात मी उत्तर येत असूनही हात वर करत नसे. उजव्या कानापुढे जबड्याचा सांधा कटकट वाजे आणि दुखे.

हे घरात सगळ्यांना दिसत होतं. कुणालाही तो आजार वाटला नाही. अम्मी म्हणायची, "अल्लाहने दिलं ते चांगलंच." मग माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. दोन घरची माणसं चहा-नाश्ता करून गेली ती गेलीच. तिसऱ्या घरच्या बाईंनी जाताना फुप्पीच्या कानाशी लागून सांगितलं, "मुलगी चांगली आहे, तेवढं तोंडाचं करून घ्या." झालं! कालपर्यंत जो जबडा अल्लाहची देणगी होता, तो आठवड्याभरात दुरुस्तीला टाकायची वस्तू झाला. माझं जेवण, माझं बोलणं, माझं दुखणं यांसाठी ज्या घरात कधी डॉक्टर शोधला गेला नव्हता, त्याच घरात आता नागपूरची गाडी किती वाजता आहे याची चौकशी सुरू झाली.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला जबड्याची ऑपरेशनं नवी नाहीत. मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसाचा चेहरा अस्वल फाडतं. कोळशाच्या ट्रकखाली दुचाकी येते. अशा माणसाला नागपूरला नेतात, मोडलेली हाडं पट्ट्या लावून जोडतात. त्याला कुणी "हौस आली आहे" असं म्हणत नाही. पण वाढीच्या वयात हाडच वेडंवाकडं वाढलं असेल, तर त्याच हाडावरचं, त्याच पट्ट्या-स्क्रूंचं ऑपरेशन एकदम नखरा ठरतं. नाहीतर लग्नाची तयारी ठरतं. तिसरं नाव त्याला आपल्याकडे नाही. खरं तर ते साधं आहे: उपचार.

हे ज्ञानही कालपरवाचं नाही. चेहऱ्याची हाडं मार बसल्यावर कोणत्या रेषांत तुटतात, हे रने ल फोर या फ्रेंच डॉक्टरांनी मृतदेहांवर अभ्यासून १९०१ मध्ये मांडलं. वरचा जबडा सोडवून नीट बसवण्याच्या ऑपरेशनला आजही त्यांचंच नाव आहे. खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा, थर वेगळे करावेत तसा चिरून पुढे-मागे सरकवण्याची पद्धत झुरिकला काम केलेल्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये जगापुढे आणली. आज जगभर त्याच पद्धतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. आपल्या विदर्भात नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. म्हणजे उपचार आपल्या आज्या तरुण होत्या तेव्हापासून आहे. आपल्यापर्यंत पोचली नाही ती माहिती.

डॉक्टरांनी त्या दिवशी अब्बूंना बाहेर बसायला सांगितलं आणि मला एकटीला विचारलं, "तुला काय हवंय?" हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "समोरच्या दातांनी पेरू तोडायचा आहे." त्यांनी ते तसंच फाइलवर लिहिलं. मग एका कागदावर दोन वर्षांचा हिशेब मांडला. ऑपरेशन त्यातला एक दिवस होता.

घरी तो कागद कुणालाच आवडला नाही. दोन वर्षं म्हणजे हातचं स्थळ जाणार. मग ओळखीतून दुसऱ्या एका शहरातला खासगी दवाखाना निघाला. तिथे म्हणाले, तारा नंतर लावू, महिन्याभरात ऑपरेशन उरकून टाकू. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आधी ऑपरेशन आणि नंतर तारा ही पद्धतही खरी आहे. निवडक रुग्णांमध्ये, दात नीट तपासून, चांगले डॉक्टर ती वापरतात. पण आमच्याकडे ती दातांसाठी निवडली नव्हती, मे महिन्यासाठी निवडली होती. माझ्यापुढे इंग्रजी कागद आला. त्यात खालचा ओठ कायमचा बधिर राहू शकतो असं एक वाक्य होतं. मी त्यावर बोट ठेवून विचारलं. उत्तर मिळालं, "ती फॉर्मॅलिटी असते, सही करा." मी पेन खाली ठेवलं.

परतीच्या बसमध्ये अब्बू बराच वेळ बोलले नाहीत. गाडी चहाला थांबली तेव्हा म्हणाले, "भीती वाटली का तुला?" मी म्हटलं, "भीती नाही वाटली अब्बू, घाई वाटली." त्यानंतर ते मे महिन्याबद्दल कधी बोलले नाहीत. फुप्पी बोलत राहिली, पण घरात निर्णय बदलला होता.

आता ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी, पुढे काय काय होतं ते क्रमाने सांगते. प्रत्येकाचा जबडा वेगळा, त्यामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील.

पहिली गोष्ट वयाची. हाडांची वाढ थांबल्याशिवाय हे ऑपरेशन सहसा करत नाहीत. मुलींमध्ये साधारण सोळा-सतरानंतर, मुलांमध्ये अठरा ते एकवीसच्या सुमारास. खालचा जबडा पुढे वाढणाऱ्यांना आणखी थांबावं लागू शकतं, कारण ऑपरेशननंतरही हाड वाढत राहिलं तर केलेलं काम बिघडतं. दुसरी गोष्ट, या कामाला दोन डॉक्टर लागतात: दात हलवणारा ऑर्थोडोंटिस्ट आणि हाड हलवणारा मुख व जबडा शल्यविशारद. दोघांनी एकत्र बसून योजना केली नसेल तर रुग्णाने पुढे जाऊ नये.

मग तारा लागतात, बहुधा वर्ष ते दीड वर्ष. ही पायरी कुणी आधी सांगितली नाही तर माणूस खचतो, कारण या काळात चेहरा सुधारत नाही, उलट दोष जास्त दिसायला लागतो. वाकड्या हाडाशी जुळवून घेण्यासाठी दात वर्षानुवर्षं कललेले असतात. त्यांना आधी त्यांच्या खऱ्या जागी उभं करतात, म्हणून वरखालच्या दातांतलं अंतर वाढतं. माझी मावशी म्हणाली, "पैसे देऊन बिघडवून आणलं की काय!" मला आधी माहीत होतं म्हणून मी रडले नाही. अक्कलदाढा आड येत असतील तर त्या ऑपरेशनच्या काही महिने आधी काढतात.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. श्वासाची नळी नाकातून घालतात, कारण तोंडात काम करायचं असतं. जवळजवळ सगळे छेद तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. हाड ठरलेल्या जागी आणून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. एक जबडा की दोन्ही, यावर वेळ ठरतो. काही तास जातात.

जाग येते तेव्हा घसा दुखत असतो, नाक चोंदलेलं असतं, तोंडात रक्ताची चव असते आणि पोटात गेलेल्या रक्ताने उलटीही होऊ शकते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. मला पाहायला आलेली अम्मी दारातूनच मागे फिरली, तिला वाटलं खोली चुकली. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, बाकीची उतरायला कित्येक महिने लागतात. तोवर आरशावर विश्वास ठेवू नये. वेदना मला वाटली होती त्यापेक्षा कमी होती. जास्त त्रास झाला तो भुकेचा आणि बोलता न येण्याचा.

साधारण सहा आठवडे चावायचं नाही. पहिले काही दिवस फक्त पातळ, मग मऊ. आमच्या घरी गाळलेली यखनी, वरणाचं पाणी, आंबील, तांदळाची पेज, पातळ खीर, मिक्सरमधून काढलेली खिचडी असा क्रम चालला. तरी वजन उतरलं, ते बहुतेकांचं उतरतं. वरखालचे दात रबरांनी बांधलेले असतात, म्हणून वही-पेन जवळ ठेवावं. वरच्या जबड्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर नाक शिंकरायचं नाही. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर तोंड धुवायचं, नाहीतर टाक्यांत जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्या आठवड्यात उगाच रडू येतं, "कशाला केलं हे" असं वाटतं. असं बऱ्याच जणांना होतं आणि ते हळूहळू निवळतं. घरच्यांनी त्या दिवसांत पाहुणे बोलावू नयेत. कॉलेज, हलकं काम दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं. दातांची घडी पक्की बसवायला त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर तारा राहतात.

आता त्या इंग्रजी वाक्याकडे येते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते आणि हाड तिच्या शेजारी चिरावं लागतं. त्यामुळे ऑपरेशननंतर ओठ-हनुवटी बधिर होणं अगदी नेहमीचं आहे. बहुतेकांचा स्पर्श आठवड्यांत-महिन्यांत परततो, काहींचा थोडा भाग कायमचा बधिर राहतो. ओठाची हालचाल थांबत नाही, फक्त स्पर्श कळत नाही. माझ्या हनुवटीवर डावीकडे रुपयाएवढा भाग आजही झोपलेला आहे. तिथे खीर लागली तर मला कळत नाही. मला आधी नीट समजावून सांगितलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं, म्हणून मला तक्रार नाही. तोच भाग मला फसवून बधिर झाला असता तर मी रोज संतापले असते. याशिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सांध्याचं दुखणं, हाड थोडं मागे सरकणं, पट्टी काढावी लागणं असे धोके आहेत. ते विचारा. उत्तर देण्याचा कंटाळा करणाऱ्या डॉक्टरकडे जबडा देऊ नका.

काही वडीलधारे म्हणाले, अल्लाहने घडवलेलं बदलू नये. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, एक आठवण करून दिली. लढाईत नाक गमावलेल्या अर्फजा या सहाबींना चांदीच्या नाकाचा त्रास झाला, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं, ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी या दोन्ही संग्रहांत आहे. पुरुषाला एरवी सोनं वापरायला मनाई असताना! जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही २००७ मध्ये मलेशियातल्या अधिवेशनात, त्रास देणारे जन्मजात शारीरिक दोष दुरुस्त करणं जायज ठरवलं. निव्वळ दिखाव्यासाठी रूप बदलणं त्यांनी वेगळं काढलं. माझा प्रश्न उलटा आहे. मला चावता यावं म्हणून केलेलं ऑपरेशन ज्यांना खटकतं, त्यांना "मुलाकडच्यांना पसंत पडावी म्हणून" केलेलं का खटकत नाही?

पैशाबद्दल दोन गोष्टी. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. पण विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या मजकुरात आरोग्याचा थेट धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराला अपवाद आहे, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. म्हणून चावणं, बोलणं, श्वास, सांधा यांतला त्रास पहिल्या भेटीपासून कागदावर नोंदवून घ्या. घरातलेच "लग्नासाठी करतोय" असं सांगत सुटले, तर फाइलवरही तेच चढतं आणि दावा अडकू शकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं नेमकं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी तपासून घ्या. शासकीय दंत महाविद्यालयात रांग लांब असते, पण खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

मुलांच्या आईबापांनाही एक सांगायचं आहे. मुलाचा जबडा वाकडा असला तर "मर्दाला काय फरक पडतो" म्हणून सोडून देतात. त्याच मुलाच्या गालात खर्रा असतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आपल्याकडे खर्रा मात्र चौकाचौकात घोटला जातो. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आवळत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे कर्करोगाची भीती असते. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. खर्रा चालू ठेवून जबडा दुरुस्त करून घेणं म्हणजे भिंत बांधत असताना पायाला पाणी सोडणं.

आणि एक मागणी. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तारा आवळायला महिन्याला एक चक्कर, असं दीड-दोन वर्षं. मला एसटीचं अर्धं तिकीट होतं आणि अब्बूंची नोकरी होती. भामरागड-सिरोंचाकडच्या मुलीला आधी गडचिरोली गाठण्यातच अर्धा दिवस जातो, तिने काय करावं? चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शासकीय रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस तरी दंत महाविद्यालयाचे ऑर्थोडोंटिस्ट आणि जबड्याचे शल्यविशारद बसावेत. ऑपरेशन नागपूरला होऊ द्या, पण तपासणी, सल्ला आणि ताऱ्यांची देखभाल इथे होऊ शकते. आपल्या संघटना आरोग्य शिबिरं घेतात, रक्तदान घेतात. त्यांनी ही मागणी एकदा जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. आणि दहावी-बारावीच्या मुला-मुलींसाठीच्या शिबिरात एक दंतवैद्य बोलवावा, म्हणजे जबडा डॉक्टरला आधी दिसेल, स्थळ घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला नंतर.

हे वाचून काही जण विचारतील, मग लग्नाचं काय झालं? ते मी मुद्दाम लिहीत नाही. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे त्यावर ठरत नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी थोडं कडक खायची परवानगी दिली. अब्बू बाजारातून पेरू घेऊन आले, धुतले, आणि सवयीने सुरी घेऊन बसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी सुरी परत ठेवली. पहिल्याच दिवशी जमलं नाही, दात घाबरत होते. चार दिवसांनी जमलं.